कुंभ उचलायचा कोणी

आंबलियापुरा, ता. वाघोडिया
१८ जानेवारी १९८६

चि. हेरंब,

तुझं पत्र पोचलं. मजकूर टाइप केलेला, खाली तेवढी तुझी सही. सख्ख्या बहिणीला टाइप करवून पत्र पाठवणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच. आपले वडील, दादा, बडोदा संस्थानच्या बांधकाम खात्यात होते, हाताखाली कारकुनांची रांग होती, तरी मला हॉस्टेलवर आलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या हातचं असे. पण ते बिचारे साधे अधिकारी. तू दिल्लीत सल्लागार, तुझा हात बहिणीसाठी कशाला झिजवायचा!

दिवाळीच्या आधी माझ्या कारेलीबागेतल्या स्वयंपाकघरात बसून, माझेच दडपे पोहे खात तू म्हणाला होतास, "अहल्याताई, शाळेतून रिटायर झालीस, आता नुसत्या ट्यूशन काय घेत बसतेस? माझ्या संस्थेची गावात घरबांधणी चालली आहे, दोन महिने येऊन तिथली हजेरी बघ. मला गणिताची बाई हवीच आहे." ते दोन महिने केव्हाच उलटले. माझ्या ट्यूशनची मुलं शेजारच्या सोसायटीतल्या बाईंकडे गेली आणि मी इथे सिमेंटच्या गोण्यांशेजारी खाट टाकून राहते आहे. पाणी खारट, त्यामुळे चहाही खारट. तू इथे एकदाही मुक्कामाला राहिला नाहीस. अकोट्याच्या बंगल्यातून सकाळी मोटारीनं यायचास आणि ऊन चढायच्या आत परत जायचास. मग दिल्लीचं बोलावणं आलं आणि तेवढंही संपलं.

आता तुझ्या हुकुमाबद्दल. फेब्रुवारीत परदेशी पाहुणे येणार, त्यांना एक घर पुरं झालेलं, रंगवलेलं आणि आत कुटुंब राहतं आहे असं दाखवायचं, म्हणून एक घर पुढे काढा, असं तू लिहितोस. हेरंब, तू स्वतः छापलेली पुस्तिका वाचली आहेस का? की तीही दुसऱ्यानं टाइप केली?

तुझाच नियम तुला सांगण्याची पाळी माझ्यावर आली आहे. चौदा कुटुंबं, चौदा घरं. सगळ्यांनी मिळून सगळी बांधायची. आधी सगळ्यांचा पाया, मग सगळ्यांच्या भिंती, मग सगळ्यांवर छप्पर. घर कोणाचं ते शेवटपर्यंत कोणाला माहीत नाही. सगळी पुरी झाली की मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि मगच ज्यानं त्यानं आत जायचं. आयुष्यात तू अक्कल वापरून केलेली ही एकच गोष्ट, आणि मी ती मान्य करते. घर आपलंच निघेल की काय या धास्तीनं इथे प्रत्येक जण दुसऱ्याची भिंतसुद्धा सरळ बांधतो. तो शनाभाई, जो शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणीही न विचारता नेतो, तोसुद्धा सगळ्या भिंतींना ओळंबा लावून बघतो आणि वाकडी दिसली की आरडाओरडा करतो. हे चाललं आहे ते चिठ्ठी अजून निघालेली नाही म्हणून. एक घर पुढे काढलंस की संपलं.

आणि त्या घरात जीवीबेनचं कुटुंब ठेव म्हणतोस, का, तर तुझ्या फोटोत तिचा चेहरा हसरा आला आहे! ती हसत होती कारण तुझा ओव्हरसियर दामोदर त्या क्षणी परातीवरून घसरून वाळूत पडला होता. एरवी ती बाई हसत नाही. भांडते. पाण्यावरून भांडते, हजेरीवरून माझ्याशी भांडते, नवऱ्याशी तो वाघोडियाच्या कारखान्यातून पाळी संपवून आला की उंबऱ्यातच भांडते. तिची आंधळी सासू तेवढी घरात शांत. दिल्लीला शोभेसा चेहरा तुला हवा असेल तर माणूस बघून निवड. फोटो बघून नको.

मी हे करणार नाही. दामोदरला थेट लिही, तो करील. तुझ्यापुढे वाकायला त्याला ओळंबा लागत नाही.

अहल्या

१२ फेब्रुवारी १९८६

हेरंब,

तू दामोदरला थेट लिहिलंस. छान.

परवा तुम्ही सगळे मोटारींत बसून गेलात, धूळ खाली बसायच्या आत. त्याआधीचं आणि नंतरचं तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

फाटकाशी उभं राहून तू पाहुण्यांना म्हणालास, "बघा, किती सुंदर जुनी कौलं, परंपरा कशी जपली आहे." कौलं जुनीच होती. जीवीबेनच्या झोपडीची होती ती. भट्टीवरून नवी कौलं यायला अजून वेळ आहे, आणि तुझी तारीख तर पुढे सरकणार नव्हती. तेव्हा दामोदरनं डोकं चालवलं: शेवटी प्रत्येक कुटुंबानं आपली जुनी कौलं-वासे द्यायचेच आहेत, मग हिचे आत्ताच घेऊ. झोपडी उतरवली. कौलं, वासे, दाराची फळीसुद्धा. जिथे ती राहत होती तिथे आता चूल आणि चार खड्डे आहेत. तू तिच्या दारात उभा राहून भाषण केलंस आणि तिचं आधीचं दार कुठे गेलं हे विचारलं नाहीस.

मग तुझी ती कल्पना. "ताई, काहीतरी स्थानिक हवं. कलश वगैरे." रावपुऱ्यातून आणलेला फोटोग्राफर घड्याळ बघत होता. जीवीबेन डोक्यावर पाण्यानं भरलेला घडा, त्यावर नारळ, असं घेऊन उंबरा ओलांडून आत गेली, कोपऱ्यात धान्याच्या ढिगावर घडा ठेवला, दिवा लावला. तू टाळ्या वाजवल्यास. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चकचकीत थाळीतून तू तिला किल्ली दिलीस. तीन वेळा दिलीस, कारण पहिल्या दोन वेळा तुझा चेहरा नीट येत नव्हता.

मी कोपऱ्यातून शनाभाईकडे बघत होते. तो टाळ्या वाजवत नव्हता. बायका एकमेकींकडे बघत होत्या. तू निघून गेल्यावर शनाभाईच्या बायकोनं मला विचारलं, "बेन, कुंभ मुकाई गयो?" कुंभ ठेवून झाला? मी म्हटलं, अगं, फोटोसाठी होता तो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाढा चुकणाऱ्या मुलीकडे पाहायची.

आपल्याकडे वास्तुशांतीला कलश असतोच. संध्याकाळी नारळ फोडतो, कलश घासून फळीवर ठेवतो, संपलं. म्हणून तुला काही वाटलं नाही. इथे नव्या घरात बाईनं कुंभ ठेवला की घर तिचं झालं. नंतर कागदावर काय लिहा, मडक्यात काय टाका, त्याला कोणी विचारत नाही. पिढ्यानपिढ्या बडोद्यात राहून, दुकानदाराशी झकास गुजराती बोलून, जेवताना कढीत साखर घालूनही आपल्याला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं ते ठीक. पण तू विचारलं नाहीस. तू कधीच विचारत नाहीस, कारण तुला वाटतं, तू आलास म्हणजे या लोकांचा इतिहास सुरू झाला.

त्या दिवसापासून जीवीबेन, तिचा नवरा रायजी आणि सासू त्या घरात राहतात. दुसरीकडे जायला त्यांना जागा नाही.

अहल्या

३ मार्च

हेरंब,

काम बंद पडलं आहे.

बंद म्हणजे माणसं येतात, हजेरी लावतात आणि आपापल्या "पसंतीच्या" घरात जाऊन बसतात. पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शनाभाईनं चिंचेजवळच्या अर्ध्या भिंतींना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं आणि मला सांगितलं, "एने एनुं मळी गयुं, तो अमेय अमारुं पसंद करी लईए ने!" तिला तिचं मिळालं तर आम्हीही आमचं निवडतो. खोटं काय म्हणाला? मग बाकीच्यांनी चुन्याचे पंजे उठवले. रस्त्याकडच्या एका घरावर दोन कुटुंबांचे पंजे आहेत आणि दोन्हीकडच्या बायका एकमेकींचे पुसतात. मागच्या ओळीतली घरं कोणालाच नको आहेत. तिथल्या भिंती गुडघ्याएवढ्या आहेत आणि त्यांच्या विटा पुढच्या ओळीत चालल्या आहेत. ज्येष्ठ सरला की आषाढ कोणासाठी थांबत नाही. तोपर्यंत छपरं चढली नाहीत तर मातीच्या भिंती बसतील आणि यांच्या जुन्या झोपड्या आधीच मोडकळीला आल्या आहेत.

तुझी तार मिळाली: किल्ली परत घ्या. केवढी समज! मी गेले. जीवीबेन ओट्यावर लसूण सोलत होती. मी किल्ली मागितली तर तिनं कनवटीची काढून माझ्याकडे फेकली. "चावी लई जाव. घरमां चोरवा जेवुं छे शुं? पण कुंभ कोण उठावशे?" किल्ली घेऊन जा, घरात चोरण्यासारखं आहे काय? पण कुंभ कोण उचलणार?

म्हटलं, तू उचल.

म्हणाली, आपणहून ठेवलेला नाही, मग आपणहून का उचलू? "साहेबे मुकाव्यो छे. साहेब पोते कहे के मारी भूल थई, तो हुं उठावुं. बीजा कोईना कहेवाथी नहीं." साहेबांनी ठेववला, साहेबांनीच चूक कबूल करावी. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून ती हलणार नाही. मग तिनं मला पाऊण तास ऐकवलं, माझ्या हजेरीपासून दामोदरच्या टोपीपर्यंत. सांगितलं की तिला या घराची हौस नाही, सगळं गाव तिला चोर म्हणतं, विहिरीवर कोणी बादली धरत नाही. पण कुंभ म्हणजे काही खेळणं नाही, की साहेबानं सांगितलं म्हणून ठेवला आणि साहेबानं सांगितलं म्हणून उचलला. तिच्या सासूनं आतून विचारलं, कोण आलंय. जीवीबेन म्हणाली, "साहेबनी बेन." ज्या सुरात म्हणाली तो मी इथे लिहू शकत नाही.

मला ही बाई आवडत नाही. पण ती बरोबर आहे आणि तू चूक आहेस, एवढं गणित सोपं आहे.

दोन ओळी लिही, स्वतःच्या हातानं: माझी चूक झाली. तुला येण्याची गरज नाही, तुझ्या तिकडच्या समितीच्या कामात व्यत्यय नको. मी त्या वाचून दाखवीन, काम पुन्हा सुरू होईल. दोन ओळींनी दिल्लीतली कोणतीही खुर्ची हलत नाही.

अहल्या

२० मार्च
(पोस्टकार्ड)

हेरंब,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं. "माफी मागण्यानं संस्थेची पत जाईल आणि चुकीचा पायंडा पडेल. त्या कुटुंबाला सध्या लिंबाखाली हलवावं. या लोकांना उघड्यावर राहण्याची सवय असते."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं टायपिस्टची चूक असेल. मग खाली तुझी सही पाहिली.

लहानपणी तुला उंदराची भीती वाटायची आणि तू माझ्या अंथरुणात येऊन झोपायचास, पक्क्या घरात, दोन चादरी घेऊन. तुला छपराची सवय होती म्हणून?

पोस्टकार्ड मुद्दाम. पोस्टमननं वाचलं तर वाचू दे.

अहल्या

४ एप्रिल

हेरंब,

काम सुरू झालं आहे. घाबरू नकोस, तुझी पत शाबूत आहे. निदान इथे तरी.

आता तुझ्या त्या घराबद्दल ऐक, ज्याचा फोटो तू मासिकाला पाठवला आहेस. त्यावर छप्पर नाही.

गेल्या रविवारी सकाळी जीवीबेननं पदर खोचला, शिडी लावली आणि वर चढली. मी खालून ओरडले, अगं काय करतेस? वरून म्हणाली, "नळियां मारां छे." कौलं तिची होती ना, तीच उतरवत होती. एक कौल रायजीच्या हातात, रायजीकडून जमिनीवर. थोडा वेळ सगळे लांबून बघत राहिले. बघणाऱ्यांत तुझा दामोदरही होता, टोपी हातात घेऊन. मग शनाभाईची बायको पुढे आली आणि रायजीच्या खाली उभी राहिली. मग आणखी कोणी. जेवणवेळेपर्यंत सगळी चौदा कुटुंबं एका रांगेत उभी होती आणि कौलं हातोहात तिच्या जुन्या जागेकडे चालली होती, त्या चार खड्ड्यांकडे. एवढ्या शिस्तीनं यांनी तुझ्या पाहुण्यांसमोरही काम केलं नव्हतं.

वासे उतरले तेव्हा म्हाताऱ्यांत कुजबुज झाली की कुंभ ठेवलेल्या घराचं छप्पर काढायचं म्हणजे अशुभ. जीवीबेन आत गेली. उघड्या आभाळाखाली कोपऱ्यात तो घडा होता, नारळ सुकलेला. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "छापरा वगर घर शेनुं? ने घर नथी तो कुंभ शेनो?" छप्पर नाही तर हे घर नाही, आणि घर नाही तर कुंभही नाही. तिनं घडा उचलला, बाहेर आणला, पाणी तुळशीत ओतलं आणि नारळ सासूच्या हातात दिला. म्हातारे बाजूला सरकले. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं पण इतकी स्वच्छ सिद्धता फळ्यावर कोणी मांडलेली मला आठवत नाही.

संध्याकाळपर्यंत तिची झोपडी उभी राहिली. आणि तुझं दाखवायचं घर बाकीच्या तेरांसारखं झालं: चार भिंती, वर आभाळ. शनाभाईनं आपलं तोरण आपल्या हातानं काढलं. तिला शाबासकी दिली असं समजू नकोस. वाकड्या तोंडानं काढलं आणि लगेच मागच्या ओळीत जाऊन ओळंबा लावून ओरडायला लागला की ही भिंत कोणी बांधली. तेव्हा मला कळलं की आता ठीक आहे.

जीवीबेननं कोणाच्या सांगण्यावरून हे केलं, हे तू विचारशील. आज लिहीत नाही. मला अजून तुझ्यावर पुरेसा राग काढून झालेला नाही.

अहल्या

२९ मे १९८६

हेरंब,

छपरं चढली. भट्टीवाल्यानं उशीर केला, शिव्या खाल्ल्या, पण शेवटी कौलं आली. चौदाच्या चौदा घरं पुरी आहेत, आणि तुला आवडो न आवडो, मागच्या ओळीतली पुढच्या ओळीपेक्षा चांगली झाली आहेत. दामोदरसुद्धा शेवटचे काही दिवस विटा वाहत होता. मी त्याला विचारलं, साहेबांनी सांगितलं का? म्हणाला, नाही, साहेबांना कळवू नका. कळवलं.

चिठ्ठ्या पुढच्या रविवारी. तू येतो आहेस, या घरांना पारितोषिक द्यायचं का ते ठरवणाऱ्या समितीचे दोघं बरोबर आहेत, आणि पहिली चिठ्ठी तुझ्या हस्ते काढावी असं तू सुचवतोस. मी ते सभेत मांडलं. उत्तर असं: ज्यानं एक दिवसही काम केलं नाही त्यानं मडक्यात हात घालायचा नाही, हा साहेबांचाच नियम आहे. म्हणजे तुझाच नियम. मी हजेरीच्या वहीत डोकं घातलं, नाहीतर सभेत हसले असते. चिठ्ठ्या रायजीची आंधळी आई काढणार आहे. तिच्याइतकी निःपक्षपाती नजर दिल्लीतही मिळायची नाही.

आणि कुंभ. चिठ्ठ्या निघाल्या की घरोघर कुंभ ठेवायचे. ठेवायचा ज्या त्या घरच्या बाईनं, पण तो डोक्यावर घेऊन पुढे चालायला कुमारिका लागते. जीवीबेननं जाहीर केलं की ती मी. "मास्तरबेन कुंवारी छे ने!" बायका इतक्या हसल्या की ओटा हलला. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा मान मिळवणारी आपल्या घराण्यात मी पहिली. हो म्हटलं आहे. तुला चेष्टा करायची असेल तर मोटारीत बसून कर.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. तू येण्याआधी तुला ते माहीत असणं भाग आहे.

तुझं ते पत्र आलं, लिंबाखाली हलवा म्हणणारं, तेव्हा जीवीबेन रोज विचारायची, "साहेबनो कागळ आव्यो?" साहेबांचं पत्र आलं का? आलं म्हणायची मला लाज वाटत होती. नाही म्हटलं तर भिंती गुडघ्यावर राहणार होत्या. तेव्हा एका संध्याकाळी मी सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं आणि तुझं टाइप केलेलं पत्र हातात धरून मोठ्यानं वाचलं. गुजरातीत. जे त्यात नव्हतं ते.

मी वाचलं: "मी बडोद्यातच वाढलो, पण तुमच्यात कुंभाला काय मान असतो हे मी कधी विचारलं नाही. फोटोसाठी तो जीवीबेनच्या हातून ठेववला आणि तिला गावात चोर ठरवलं. तिचं छप्पर उतरवलं आणि ती राहील कुठे, हे पाहिलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही. मोठ्या बहिणीच्या तोंडून मी तिची माफी मागतो."

असं एक वाक्य तू जन्मात लिहिलं नाहीस. दामोदर माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याला मराठी वाचता येतं. कागदावर काय आहे ते त्याला दिसत होतं. तो खाकरला आणि लांब जाऊन उभा राहिला.

जीवीबेन पुढे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, फरी वांचो. पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा शब्द जरा बदलले असतील, मी घाबरले होते, पण तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. तिच्या सासूनं विचारलं, साहेब एवढे मोठे, तरी माफी मागितली? आणि स्वतःशीच म्हणाली, "माणस सारो छे." माणूस चांगला आहे. रडत होती ती. मी तुझ्यासाठी आजवर पुष्कळ खोटं बोलले, दादांपुढे, तुझ्या शाळेत, तुझ्या सासऱ्यांपुढे, पण त्या म्हातारीच्या डोळ्यांपुढे जशी मेल्याहून मेल्यासारखी झाले तशी कधी झाले नव्हते. त्या डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी.

रविवारी सकाळी जीवीबेन शिडीवर चढली ती यानंतर.

तर आता तू येशील. मोटारीतून उतरशील. ती तुझ्यासमोर येईल, तिचं ठरलं आहे, मला सांगून ठेवलं आहे. ती तुझ्या पाहुण्यांसमोर, सगळ्या गावासमोर म्हणेल, साहेब, तमे माफी मागी, वात पती गई. तुम्ही माफी मागितलीत, विषय संपला. आणि त्या वेळी तुझ्या तोंडून "कसली माफी?" एवढं निघालं तर माझं काय व्हायचं ते होऊ दे, मी म्हातारी आहे, कारेलीबागेत जाऊन दार लावून घेईन. पण तिनं त्या कागदावर विश्वास ठेवून डोक्यावरचं छप्पर उतरवलं होतं. तिला कळेल की ते तिनं एका खोट्यावर उतरवलं.

तुला बोलायचं नाही. भाषण तर अजिबात नाही. तिच्यासमोर मान खाली घालायची, हात जोडायचे आणि ती म्हणेल ते ऐकून घ्यायचं. फोटोग्राफर आणू नकोस. तेवढंही जमणार नसेल तर दिल्लीतच राहा. मी सांगेन साहेब आजारी आहेत. तुझ्यासाठी आणखी एक खोटं मला जड नाही.

पण यावंस असं मला वाटतं. राग आहे, तुच्छता आहे, ती या पत्रांतून मी लपवली नाही, आणि तरी यावंस असं वाटतं. तू न मागितलेल्या माफीवर इथे चौदा कुटुंबं राहायला जाणार आहेत, हेरंब. एकदा येऊन ती मागून जा.

तुझी ताई
अहल्या